दसऱ्याला मोजलेली रिंग

सुलभा केळकर यांनी मला नोकरी दिली नसती, तर आज मी आमच्या गावात सायकलींची पंक्चरं काढत असतो. त्या कामात कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. माझ्या वडिलांनी जन्मभर तेच केलं आणि त्याच दुकानावर मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पण पदवी घेऊन मी पुण्यात आलो तेव्हा मुलाखतीत इंग्रजीत तोंड उघडलं की माझे शब्द घशातच राहायचे. केळकर मॅडम हडपसरच्या एका कारखान्यात संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. बेअरिंगच्या रिंगा बनवणारा कारखाना. माझी धडपड थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "माने, मराठीत बोला. एखादी वस्तू आपली असणं आणि ती वापरायची मुभा असणं, यात फरक काय?"

मी म्हणालो, "मॅडम, वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे. सायकल आमची, फिरवणारा दुसरा. तासाचं भाडं दिलं की फिरवायची मुभा. पण सायकल एकाने न्यायची आणि वर तिघांनी बसायचं, यावरून रोज भांडण."

"मग वडील काय करतात?"

"परत आलेल्या सायकलीचं टायर दाबून बघतात. किती जण बसले होते ते कळतं म्हणतात."

मॅडम हसल्या. "आमचं काम हेच आहे. फक्त टायर नाहीत."

मला नोकरी मिळाली. त्यांनी मला आणखी एक सवय लावली. दर शनिवारी एका पानावर, मराठीत, त्या आठवड्यात मला काय कळलं नाही ते लिहून द्यायचं. "कळलेलं सगळेच लिहितात," त्या म्हणायच्या. "तू न कळलेलं लिही." माझी ती पानं कधी रिकामी गेली नाहीत. आता कामात मुरलो, डोक्यावरचे केस गेले, मॅडम निवृत्त होऊन कोथरूडला राहायला गेल्या, तरी या कामातलं मला सगळं कळलंय असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावणं अवघड जातं. सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आपण विकत काहीच घेत नाही. वापरायची परवानगी घेतो. तिलाच लायसन्स म्हणतात. किती संगणकांवर, किती माणसांनी, कशासाठी वापरायचं, हे सगळं करारात असतं. करार कोणी वाचत नाही. मी वाचतो, त्याचा मला पगार मिळतो. बनवणारी कंपनी कधीतरी तपासणी मागते. त्या दिवशी करारात लिहिलेलं आणि कारखान्यात चाललेलं यांचा मेळ बसला नाही, तर मागची सगळी वसुली एकदम होते.

मेळ बसत नाहीच. एकदा गेटवरच्या केबिनमध्ये रखवालदाराच्या संगणकावर मला यंत्रांचे आराखडे काढायचं महागडं सॉफ्टवेअर सापडलं. आमच्याच विभागातल्या कोणीतरी सगळे संगणक एकाच नमुन्यावरून तयार करून वाटले होते. रखवालदार म्हणाला, "साहेब, ते चित्र मी कधी उघडलं नाही. पण आहे म्हटल्यावर बरं वाटायचं." दुसरे एक अधिकारी होते, त्यांचं म्हणणं असं की जे फुकट डाउनलोड होतं ते फुकटच असतं. मी त्यांना विचारलं, "लग्नाच्या हॉलमध्ये आत जायला पैसे पडत नाहीत, म्हणून जेवायला बसायचं का?" ते म्हणाले, "मी बसतो."

मला सर्वांत जास्त गोंधळात टाकलं ते रनटाइमने. रनटाइम म्हणजे काय? नाटक लिहिलेलं आहे, नट तयार आहेत, पण रंगमंचाशिवाय प्रयोग होत नाही. कित्येक प्रोग्रॅमना चालायला खाली असाच एक मंच लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आमच्या कारखान्यात बरीच यंत्रं ज्या रनटाइमवर चालायची तो वर्षानुवर्षं फुकट होता, त्यामुळे तो कुठेकुठे बसवलाय हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. मग तो बनवणाऱ्या कंपनीने नियम बदलले. आता पैसे द्यायचे, आणि तेसुद्धा यंत्रामागे नाही, तर कंपनीतल्या एकूण माणसांमागे. एका यंत्रावर वापरला तरी सगळी माणसं मोजायची. वडिलांना मी फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे एका पोरानं सायकल नेली तर त्याच्या घरातली म्हातारी आणि पाळण्यातलं मूल धरून भाडं? आणि गिऱ्हाईक देतं?"

माणसं मोजायला मी मनुष्यबळ विभागात गेलो. कँटीनवाले आपले का? कंत्राटी सफाईवाले? बसचे ड्रायव्हर? त्यांच्याकडे सरकारला कळवलेला आकडा एक होता, विम्याचा दुसरा, आणि दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांचा तिसरा. सर्वांत मोठा मिठाईचा निघाला. करार नीट वाचला तर आमच्याकडून पैसे घेताना तोच धरला गेला असता.

आमचे वित्तप्रमुख दामले साहेब. मूळचे पेठेतले, बोलणं कमी आणि तिरकस. त्यांनी माझा हिशेब पाहिला. "हे वर्षाला?"

"हो साहेब."

"मला वाटलं, ती कंपनी विकत घ्यायचा भाव आहे."

पैसे द्यायचे नव्हते, तर एकच मार्ग होता. तसाच चालणारा, खरोखर मोफत असलेला दुसरा रनटाइम मिळतो. आम्ही यंत्रामागून यंत्र बंद करून जुना काढला, नवा बसवला, चाचणी घेतली. शेवटी दामले साहेबांच्या सहीने त्या कंपनीला कळवलं की आमच्याकडे तुमचा रनटाइम आता नाही. मी त्या दिवशी घरी पेढे नेले.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि थोड्याच दिवसांत त्या कंपनीची मेल आली. खराडीच्या ऑफिसातून, निखिल नावाच्या मुलाची. भाषा फार गोड. आपल्याशी मैत्रीपूर्ण चर्चा करायला आवडेल, असं लिहिलं होतं. मॅडमनी शिकवलं होतं की मैत्रीपूर्ण शब्द दिसला की आधी कराराची प्रत काढायची. मी ती काढली. खाली निखिलने लिहिलं होतं की तुमच्या कारखान्यातून आमच्या रनटाइमची नवी आवृत्ती उतरवून घेतल्याची नोंद आमच्याकडे आहे. तारीख दसऱ्याची होती.

माझा विश्वास बसेना. दसऱ्याला कारखान्यात काम नसतं, पूजा असते. कोण काय उतरवून घेईल? मी एकेक विभाग तपासला. काही मिळेना. मग मोबाइलवर आमच्या कारखान्याच्या ग्रुपमध्ये पूजेचे फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोत झेंडूच्या माळेआड एक जुना संगणक होता. समोर दामले साहेब हात जोडून उभे, आणि माळेच्या वर, पडद्यावर, एक छोटी चौकट उघडलेली. 'नवी आवृत्ती बसवत आहे' असा तिचा अर्थ. त्या फोटोला सगळ्यांनी अंगठे दिले होते. मीही दिला होता.

तो संगणक टूलरूममधल्या, रिंगांची मापं घेणाऱ्या जुन्या मोजणीयंत्राचा. नवीन यंत्र आल्यापासून तो प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बंद होता, म्हणून आमच्या तपासणीत आलाच नाही आणि जुना रनटाइम त्यात तसाच राहिला. टूलरूमचे प्रमुख बबनकाका मूळचे हडपसरचेच. त्यांच्या वाडवडिलांच्या शेतात आता मोठमोठ्या इमारती आहेत. "जिथं आमची ज्वारी व्हायची तिथं आता गाड्या लावत्यात," असं ते सांगतात, तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं दाखवल्यासारखं. ते निवृत्त व्हायला आले होते. पुढे नव्या कामगारांना शिकवायला त्यांना ठेवायचं ठरलं होतं, फक्त त्या कागदावर दामले साहेबांची सही बाकी होती.

मी टूलरूममध्ये गेलो. "काका, दसऱ्याला ते जुनं यंत्र चालू केलं होतं?"

"म्हंजे? दरवर्षी करतो. परदेशाला पहिली रिंग गेली ती यावरच मोजलेली हाय. बंद मशीनची पूजा कशी करायची, माने साहेब? मेलेल्याला हार घातल्यासारखं."

"आणि इंटरनेटची वायर कोणी जोडली?"

"मीच. पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली दिसत होती. सणाच्या दिवशी लाल फुली बरी दिसती का? वायर लावली, गेली फुली."

"मग ती चौकट आली."

"आली. आरती सुरू व्हायची येळ. दामले साहेब नारळ घेऊन उभे. म्हणाले, काय ते दाबा आणि घालवा एकदाचं. दोनच बटणं होती, हो आणि नाही. आता दसऱ्याच्या दिवशी कुणाला नाही कसं म्हणायचं? हो दाबलं." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "पण साहेबांचं नाव कुठं घालू नका. आरतीपुढं बोललेलं कागदावर आणायचं नसतं."

मी ऑफिसात येऊन डोकं धरून बसलो. करारात लिहिलं होतं की कंपनीच्या कामकाजासाठी वापर झाला तर पैसे लागू. पूजेसाठी चालू ठेवणं म्हणजे वापर का? मला एकदा वाटायचं, नाही. मग आठवायचं की नारळ, फुलं आणि पेढ्यांचं बिल कंपनीच भरते, कर्मचारी कल्याणाच्या सदरात, आणि ते दामले साहेबच मंजूर करतात. म्हणजे पूजा कंपनीचं कामकाज झालं की. मग वाटायचं, देवापुढे दिवा लावणं हे काय विजेचा वापर म्हणून बघायचं का? पण विजेचं बिल तर येतंच. मी करार इतक्या वेळा वाचला की त्यातल्या शब्दांना काही अर्थ उरेना.

दामले साहेबांनी बोलावलं. "उत्तर तयार?"

"करतोय साहेब."

"दोन गोष्टी हव्यात. एक, कामासाठी वापर झालेला नाही, असं स्वच्छ लिहा. दोन, बटण कोणी दाबलं त्याचं नाव मला वेगळ्या कागदावर द्या. असा माणूस नव्या पोरांना काय शिकवणार ते मला बघायचंय."

नाव त्यांना नक्कीच माहीत असणार, असं मला वाटलं. मग वाटलं, नसेलही. हात जोडलेला माणूस डोळे मिटून असतो. मी पुन्हा टूलरूममध्ये गेलो. निदान पहिलं वाक्य तरी खात्रीने लिहावं, म्हणून बबनकाकांना विचारलं, "पूजेनंतर यंत्र लगेच बंद केलं ना? काम काही झालं नाही ना?"

"काम कसलं. मुहूर्ताची एक रिंग मोजली फक्त."

"रिंग मोजली?"

"पूजा करून मशीनला तसंच सोडायचं नसतं, माने साहेब. एक नग तरी करावा लागतो. रिंग घेतली, मोजली, मापात आली. वर कुंकू लावलं."

"त्याच प्रोग्रॅमवर? ती चौकट आल्यानंतर?"

"दुसऱ्या कशावर मोजणार?"

इतके दिवस मी विचार करत होतो तो पूजेचा. आता रिंग आली. एक रिंग, पण मोजलेली. मी म्हणालो, "काका, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"विचारलं तुम्ही. मी नाही कशाला म्हणू? लिहा तुम्ही. रिंग मीच मोजली. शिकवायचं जाईल तर जाईल. पण मुहूर्त केला नाही असं मी म्हणणार नाही."

"ती रिंग कुठे आहे?"

"दिली साहेबांना. प्रसाद म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी मसुदा घेऊन केबिनमध्ये गेलो. दामले साहेबांनी तो वाचला आणि टेबलावर ठेवला. पंखा चालू होता, कागद उडू नये म्हणून त्यांनी सवयीने वर वजन ठेवलं. ती रिंग होती. तिच्या कडेला वाळलेलं कुंकू.

"कामासाठी वापर नाही, हे वाक्य यात नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब."

"का नाही?"

मी रिंगकडे बोट दाखवलं. त्यांनी पाहिलं.

"ही? ही दसऱ्याची आहे."

"हो साहेब. त्याच यंत्रावर मोजलेली. आरतीनंतर."

त्यांनी रिंग उचलली, बोटात धरून फिरवली. "ही काही विकली नाही आपण."

"नाही साहेब."

"मग काम कसं झालं?"

"तेच मला कळत नाही. म्हणून जे झालं ते लिहिलंय. यंत्र पूजेला लावलं, आवृत्ती बसली, एक रिंग मोजली, यंत्र बंद केलं, आता सगळं काढून टाकलंय. याला वापर म्हणायचा का ते त्यांनी ठरवावं."

"आणि नाव?"

"नाव नाही लिहिलं. दसऱ्याच्या पूजेच्या वेळी, प्रथेप्रमाणे, असं लिहिलंय."

"दसरा आपल्या पगारपत्रकावर नाही, माने."

"मग त्याचे पैसे लागणार नाहीत, साहेब."

हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. माझ्या डोक्यात माणसामागे लागणाऱ्या पैशांचा हिशेब चालू होता. पण दामले साहेब हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"काय ते दाबा आणि घालवा, असं मीच म्हणालो होतो बहुतेक," ते म्हणाले आणि मसुद्यावर सही केली. मग पेन न मिटता टेबलाच्या कडेला पडलेला दुसरा एक कागद ओढून त्यावरही केली. तो बबनकाकांचा होता.

त्यानंतर मी केळकर मॅडमना पत्र लिहिलं. ते खाली जसंच्या तसं देतो.

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

हे शनिवारचं पान समजावं. या वेळी न कळलेलं बरंच आहे.

आम्ही खराडीला उत्तर पाठवलं. दोन दिवसांनी निखिलचा फोन आला. मेलमध्ये इंग्रजी लिहिणारा मुलगा फोनवर मराठीत म्हणाला, "सर, इतकं खरं कोणी लिहीत नाही. मी हे वर कसं पाठवू? आमच्या फॉर्ममध्ये पूजेसाठी रकानाच नाही." मी म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल त्या रकान्यात घाला. तो म्हणाला, "आमच्या ऑफिसातही लॅपटॉपला हळदकुंकू लावतात, सर. आम्ही पण चालूच ठेवतो." पुढे आठवड्याने 'नोंद घेतली आहे' एवढी मेल आली. त्याला आता बरेच महिने झाले. प्रकरण मिटलं, की ते पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवलंय, हे मला कळत नाही. दामले साहेबांना विचारलं तर म्हणाले, "झोपलेल्याला उठवून झोप लागली का विचारू नका."

वडिलांना विचारलं की दसऱ्याला कोणी भाड्याची सायकल घरी नेऊन पूजली, तर भाडं घ्यायचात का. ते म्हणाले, पूजेचं कसलं भाडं. मी विचारलं, पूजा झाल्यावर चक्कर मारली तर? ते म्हणाले, मग एका चकरेचं घ्यायचं. मला हा हिशेब समजतो. करारातला अजून समजत नाही, आणि मी तर तो समजण्याचाच पगार घेतो. आपण असता तर आपल्याला समजला असता का, असं पुष्कळदा मनात येतं.

बबनकाका नव्या मुलांना शिकवायला लागले आहेत. येत्या दसऱ्याला जुनं यंत्र पूजेला असेलच. मोफतचा रनटाइम त्यावर मी स्वतः बसवला आहे आणि वायर कपाटात ठेवली आहे. पडद्यावर लाल फुली दिसेल. त्यावर काकांनी झेंडूचं फूल लावायचं ठरवलं आहे.

सोबत एक रिंग पाठवत आहे. दामले साहेबांनी ती मला दिली, म्हणाले, "ही माझ्या टेबलावर असली की मला करार आठवतो." ती कंपनीची मालमत्ता होती, म्हणून त्यांच्याच सहीने, वस्तू परत आणायची नाही असा गेट पास काढून बाहेर आणली आहे. पास पाकिटात आहे. मुलाखतीत आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा सायकलीवर नेऊन ठेवलं होतं. आज जरा नीट देता येईल असं वाटतं. ही रिंग आता आपली आहे, आणि हवी तशी वापरायला आपल्याला मुभा आहे. कोणी मोजायला येणार नाही. खिडकीपाशी आपले कागद उडतात, त्यांच्यावर ठेवावी.

आपला आज्ञाधारक,
माने